पोचलो

फुकटची वस्तू लोक डोक्यावर घेतात म्हणे, पण ती आधी चालू तर व्हायला हवी! इंटरनेटवर एकाहून एक सॉफ्टवेअर फुकट पडलेली असतात, आतला कोडसुद्धा सगळ्यांना खुला. वाचनालयाचं घ्या, दवाखान्याचं घ्या. पण ते भाड्याच्या सर्व्हरवर चढवायचं म्हटलं की भल्याभल्यांना घाम फुटतो. गंगापूर रोडवरच्या दोन खोल्यांत बसून उज्वला आणि रविराजनं त्यावर उतारा काढला होता. एक बटण. दाबलं की चहा होईपर्यंत सगळं जागच्या जागी चालू. बटणाचा कोडही त्यांनी खुलाच ठेवला. ज्याला हवा त्यानं न्यावा.

रविराज नांदगावचा. तो घराबाहेर पडला की त्याची आई, वत्सलाबाई, एकच सांगायची, पोचला की कळव. त्यानं गंमत म्हणून बटणातही तेच घातलं. कुणाचंही सॉफ्टवेअर सर्व्हरवर चढलं की रविराजच्या फोनवर मेल यायची, 'पोचलो', खाली त्या सर्व्हरचा पत्ता. पाठवणारा पत्ता त्याचाच, घेणाराही त्याचाच. ब्राझीलहून आली तरी 'पोचलो', अंबडहून आली तरी 'पोचलो'. उज्वला चिडवायची, लेका, तू जागचा न हलता जग फिरतोस.

दोन वर्षांपूर्वी गावी जाताना त्याची मोटारसायकल ट्रकखाली गेली. तेवढ्या एका वेळेला कळवायचं राहिलं.

दहाव्याला गोदाकाठी कावळा काही केल्या पिंडाला शिवेना. ऊन डोक्यावर आलं. शेवटी उज्वलाच पुढे झाली आणि हात जोडून म्हणाली, "रविराज, तुझ्या कामातली एक ओळ मी पुसणार नाही." कावळा झेपावला. ती असल्या गोष्टी मानत नव्हती, पण शब्द दिला तो दिला.

आणि आता तोच शब्द गळ्याशी आला होता. बटण वापरणाऱ्या एका दवाखान्यानं बटणाच्या पानावर सगळ्यांसमोर विचारलं होतं, आमच्या सर्व्हरचा पत्ता तुम्ही आम्हाला न विचारता कुणा रविराजला का कळवता? हा रविराज कोण? उज्वला उत्तर लिहायला बसली. तो वारलाय असं लिहायचं? बटण वापरणाऱ्या बाकीच्यांनीही सूर धरला, चार दिवसांत ही मेल थांबली नाही तर आम्ही बटण काढून टाकतो. त्यांचं चुकत नव्हतं, हेच तर दुखणं होतं. ओळ पुसली नाही तर दोघांचं सगळं काम मातीत जाणार. पुसली तर नांदगावला आईकडे असलेला रविराजचा फोन मुका होणार. तो फोन वत्सलाबाईंनी देव्हाऱ्याशेजारी ठेवला होता, कधी बंद पडू दिला नव्हता. लेकाचा तेवढाच आवाज उरलेला, तो कुठल्या तोंडानं थांबवायचा?

न विचारता पुसण्याची तिची छाती झाली नाही. लॅपटॉप घेऊन ती नांदगावला गेली आणि अडखळत सगळं सांगून मोकळी झाली. वत्सलाबाईंनी ऐकून घेतलं. त्या रडल्या नाहीत.

"पुस ती ओळ," त्या म्हणाल्या. "कावळा शिवला तवा वाटलं, सुटलं लेकरू. पण ह्यो रोज सांगतो, पोचलो. रोज पोचतो म्हंजी अजून कुठंच पोचला नाय. मला लय भ्या वाटतं पोरी. आईच्या हातानं त्याला गप कसं करू?"

उज्वलाचं काळीज चर्र झालं. आपण समजत होतो आधार, आणि ही बाई दोन वर्षं जीव मुठीत धरून बसलीय. तिनं तिथेच ओटीवर लॅपटॉप उघडला, मनात रविराजची माफी मागितली आणि ओळ पुसली. वत्सलाबाईंनी चहा ठेवला.

चहा उतू जायच्या आत फोन वाजला. 'पोचलो'.

उज्वलाचा चेहरा उतरला. ज्यांनी जुना कोड नेलाय त्यांच्याकडे तो तसाच राहणार, तिनं खालमानेनं सांगितलं. खुलं म्हणून वाटलेलं परत मागता येत नाही. हे कधी थांबेल ते कुणालाच सांगता येणार नाही. मी बंद करू का फोन, तिनं विचारलं.

वत्सलाबाईंनी फोन उचलून तिच्या हातात दिला.

"आधी त्याला उत्तर दे. दोन वर्षं पोरगं सांगतंय, मी एकदाबी बोलले नाय. लिही, बरं झालं. आता निवांत राहा."

उज्वलानं लिहिलं आणि पाठवलं. फोन तिच्या हातातच पुन्हा वाजला. वत्सलाबाईंनी तो डोळ्यांजवळ नेला आणि एकेक अक्षर लावत वाचलं. बरं झालं. आता निवांत राहा.

पाठवणारा आणि घेणारा पत्ता एकच, म्हणून त्यांचंच उत्तर फिरून आलं होतं. उज्वलाच्या ते अगदी ओठांवर आलं, पण तिनं गिळलं. अंगावर मात्र सर्रकन काटा आला.

"राहते रे बाळा," वत्सलाबाई म्हणाल्या, आणि स्वतःच्या हातानं त्यांनी फोन बंद केला.