भुऱ्याचा उपास

मित्रांनो, मी एक जुना, म्हणजे चांगलाच म्हातारा झालेला कुत्रा आहे. नाव भुऱ्या, मुक्काम आष्टी, कचरूआबांचं अंगण. वय झालं की शहाणपण येतं म्हणतात. माझ्याकडे येताना ते वाट चुकलं असावं.

मी पिल्लू असताना परतूरच्या बाजाराहून परतणाऱ्या आबांना रस्त्यात सापडलो. त्यांनी मला भाजीच्या पिशवीत घालून घरी आणलं. तरुणपणी मी शेतातली रानडुकरं हाकलली. "भुऱ्या हाय म्हणून मका राह्यला," असं आबा चारचौघांत सांगायचे. पुढे पाय दुखू लागले, मग माझी राखण अंगणापुरतीच उरली.

तिथं पाण्याच्या टाकीजवळ हराळी, म्हणजे दूर्वांचं गवत, उगवते. ती मी अधूनमधून खातो. का खातो? देवाशपथ, मला ठाऊक नाही. तोंड आपोआप तिकडं वळतं.

एकदा नेमक्या संकष्टीला मी हराळी चघळत होतो. आबांच्या कारभारीण दुर्गाबाईंनी ते पाहिलं. "अगं बया! दूर्वा खाऊन राह्यला! चतुर्थी धरली भुऱ्यानं!" शेजारच्या दैवशालाबाई धावत आल्या अन् मला कुंकू लावलं. मला काहीच कळेना, म्हणून मी शेपूट हलवलं. तेच चुकलं. त्या दिवशी भाकर आलीच नाही, जराशी भगर आली.

पुढं सोमवारी हराळी खाल्ली, तर सोमवारही माझ्या नावावर लागला. मग गुरुवार. भूक लागली की मी हराळी खायचो, अन् हराळी खाल्ली की उपास वाढायचा. हे कोडं काही सुटेना. बायका पाया पडायला यायच्या, भाकर मात्र कुणी आणायचं नाही. बरगड्या वर आल्या. दुर्गाबाईंचा तर माझ्यावर फार जीव, मग रागवायचं तरी कुणावर?

एका गुरुवारी आबा ओसरीवर जेवत होते. त्यांच्या हातून भाकरीचा तुकडा पडला आणि मी झडप घातली.

"मोडला की रे उपास!" दुर्गाबाईंनी कपाळाला हात लावला.

"कशाचा उपास? बरगड्या बघ त्याच्या," आबा कडाडले. "बिलकुल उपाशी मारून राह्यली तू त्याला."

दुर्गाबाई माझ्याजवळ बसल्या. पाठीवरून फिरणारा त्यांचा हात मधेच थांबला. "म्या तं तुला देवाचा समजले रे," म्हणाल्या आणि रडू लागल्या. मला फार वाईट वाटलं. काय करावं सुचेना, मी त्यांचा हात चाटला. मग दुधात कुस्करलेली अख्खी भाकर आली.

अन् गंमत ऐका. दुसऱ्या दिवशी पोट टम्म असताना मी उठलो आणि हराळी खाऊन आलो! दुर्गाबाई बघतच राहिल्या. मीही चक्रावलो. म्हणजे भुकेनं खात नव्हतो की काय?

मित्रांनो, ते मला विचारू नका. पण गवत खाणारा कुत्रा दिसला, तर पाया पडण्याआधी त्याच्यापुढं भाकर ठेवा. खाल्ली, तर दुसरी टाका. नाही खाल्ली, तर जनावरांच्या डॉक्टरांना बोलवा. कुंकवाची घाई करू नका.