तळ दिसू नये म्हणून

मित्रांनो, कर्जतहून डोंगराकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक नवा बंगला आहे. त्याच्या व्हरांड्यात फुगीर पोटाची, बांबूची एक उंच वस्तू ठेवली आहे ना, ती मी. येणारे-जाणारे मला टोपली म्हणतात. मी टोपली नव्हे, कणगी. वर्षाचं भात पोटात सांभाळणं हे माझं काम होतं.

मला मोरूने विणलं. सोनुबाईशी त्याचं लग्न झालं त्या साली, तेव्हा याच जागी असलेल्या त्याच्या घराच्या माजघरात. विणता विणता मी दारापेक्षा रुंद झाले. शेजारचा धोंडी हसला, "मोरू, ही बाहेर कशी काढशील रं?"

"बाहेर कशाला काढू? घर हाय तवर ती हाय."

सोनुबाईने मला शेणामातीने लिंपलं. त्या घराची एक रीत होती. नवं भात येईपर्यंत जुनं मूठभर तरी माझ्या तळाशी राहिलंच पाहिजे. भात काढण्याआधी ती मला दोनदा थोपटायची आणि गुणगुणायची,

"कणगी गं माझे बाई, तुझा तळ दिसू नये,
पाहुणा दारीचा गं, उपाशी जाऊ नये."

तेव्हा मी काठोकाठ भरायचे, कारण लावणीला अख्खी आळी एकमेकांच्या शेतात उतरायची. आज धोंडीचं शेत, उद्या मोरूचं. मग धोंडीचा मुलगा खोपोलीच्या कारखान्यात लागला आणि त्यांच्या घराला कुलूप लागलं. त्या वर्षी मी गळ्यापर्यंतच भरले. आणखी कुलपं लागली, मी कमरेपर्यंत आले. पहिले गेले ते पगारासाठी. मागचे गेले ते लावणीला हात उरले नाहीत म्हणून. जाणारा प्रत्येक जण मागे राहिलेल्याचे हात घेऊन जात होता.

मोरू वारला. मुलगा साईनाथ कारखान्यातली पाळी करून यायचा आणि तसाच चिखलात उतरायचा. एका पावसाळ्यात निम्मं शेत पडीक राहिलं. मग त्यानेही खोपोलीला खोली घेतली.

टेंपो दारात उभा राहिला तेव्हा सोनुबाई म्हणाली, "कणगीबी घे रं."

साईनाथने दाराची रुंदी हाताने मापली. "आये, दार फोडावं लागंल. आन तिकडं ठेवायची कुठं? मी नुसता उभा राह्यलो तरी तुझी सून म्हनते, जरा सरका."

सून हर्षला हसली. सोनुबाई हसली नाही. तळाचं मूठभर भात तिने तसंच ठेवलं, वर कीड लागू नये म्हणून निरगुडीचा ताजा पाला घातला. मला थोपटून म्हणाली, "दिवाळीला येते गं. तवर तळ झाकून ऱ्हा."

ते भात म्हणजे तिची परत येण्याची खूण. मी ते जिवापाड जपलं. दिवाळी आली, साईनाथला सुट्टी मिळाली नाही. पुढे घरच विकलं गेलं.

विकत घेणारी माणसं मुंबईची. शांतता शोधत आली होती, स्वभावाने वाईट नव्हती. मला अडवणारं ते दार त्यांनी भिंतीसकट पाडलं. कामावरच्या कमळ्याने मला उलटं करताना थांबून नव्या मालकीणबाईंना विचारलं, "बाई, हिच्यात भात हाय थोडं. काय करू?"

"जुनं आहे ना, टाका ते."

कोंबड्या धावत आल्या. मग माझं लिंपण खरवडलं, पॉलिश लावलं आणि पोटात दिवा बसवला.

काल दुपारी सोनुबाई आली. बाईंनी तिला ओट्यावर बसवून चहा दिला. कप तसाच ठेवून तिने वाकून माझ्यात खांद्यापर्यंत हात घातला. हात थेट तळाला लागला. बराच वेळ तिने तो बाहेर काढला नाही.

"बाई, मूठभर भात ठेवा हिच्यात," ती हळूच म्हणाली. "रिकामी कणगी लवकर किडते."

असं काही नसतं, मित्रांनो. ते मला ठाऊक आहे, तिलाही होतं.

"अहो मावशी, उंदीर येतील ना."

"येतील की. घर म्हटल्यावर येनारच."

तिने मला दोनदा थोपटलं. मी पोकळ वाजले. मग ती खोपोलीची गाडी धरायला निघाली. या वेळी कधी येते ते सांगितलं नाही.

मित्रांनो, जाणाऱ्याला नावं ठेवू नका. पोट जिकडे नेईल तिकडे जावंच लागतं. येणाऱ्यालाही हसू नका. पण दुसऱ्याच्या घरात राहायला गेलात, तर तिथलं काहीही उलटं करण्याआधी त्याच्या तळाशी काय आहे आणि ते कुणी ठेवलंय, एवढं विचारा.

आता पाहुणे येतील. बाई कौतुकाने दिवा लावतील, सगळे वाकून आत बघतील, आणि माझा तळ त्यांना लख्ख दिसेल.