रंगाखालच्या खुणा

दुरुस्त केलेली गाडी थरथरत गॅरेजमध्ये परत आली, तेव्हा सासऱ्यांनी गिऱ्हाइकासमोरच सांगितलं, "सूनबाईच्या हातचं काम! यापुढे शाफ्टला हात लावू देणार नाही."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इंजिनाचा फेरा मागच्या चाकांकडे नेणारा तो शाफ्ट उतरवून तिने दिराने मारलेला चकचकीत रंग खरवडला. खाली, शाफ्टचे दोन्ही तुकडे नेमके जुळावेत म्हणून तिने ठोकलेल्या दोन खुणा होत्या, पण समोरासमोर नव्हत्या.

"सुटा करून रंगवलात आणि पाव फेरा चुकवून जोडलात, भाऊजी! मग एका टोकाच्या सांध्याचा झटका दुसऱ्या टोकाचा सांधा कसा जिरवणार?"

"नवा दिसावा म्हणून केलं, वहिनी."

तिने पाना दिराच्या हातात कोंबला आणि ती सासऱ्यांकडे वळली.

"बाबा, गिऱ्हाईक अजून उभं आहे. मघाशी बोललात तेवढ्याच मोठ्यांदा आता खरं सांगा."