काचेतल्या समुद्राची बादली

खट्ट! सुट्टीच्या दुपारी घर चिडीचूप असताना माझी कडी पडली आणि सोफ्यावर लवंडलेला मामा दचकून उठला. मित्रांनो, तो आवाज माझाच. मी एक जुनी निळी बादली आहे. त्या दिवशी आईने मला किती महिन्यांनी उचललं होतं!

कारखान्याच्या साच्यातून निघाले तेव्हा वाटलं होतं, आपल्या नशिबी फरशी पुसणं. पण बाबांनी माझ्या पोटावर ठळक लिहिलं, ‘साबण नको’. बैठकीच्या खोलीत त्यांनी काचेच्या टाकीत समुद्र मांडला होता. दोन नारिंगी मासे आणि बोटांसारखी हलणारी प्रवाळं. मिटली की दगडासारखी दिसतात, पण जिवंत असतात हो ती. शनिवारी बाबा पिंपात खारं पाणी कालवून ठेवत. रविवारी टाकीतलं थोडं माझ्यात काढून तेवढंच नवं घालत. “या बाईंशिवाय आमचा समुद्र चालायचा नाही,” असं पाहुण्यांना सांगत. मी फुगून जाई.

मग बाबा आजारी पडले, आणि गेले. त्यानंतर एका रविवारी आईने टाकीत नळी सोडली, तशी लेक टाकीला मिठी मारून बसली. “हे बाबांचं पाणी आहे. टाकायचं नाही!” आईने नळी गुंडाळून ठेवली. माझ्यात कपड्यांचे चिमटे आले.

मामा मदतीला येई, अगदी मायेने. “ताई, समुद्राचं पाणी कधी कुणी बदललंय का? आटलं की भरायचं, झालं!” पाणी आटलं की तो खारं पाणी ओती. भरलं की बदलायला नको, असं दोघंही धरून चालले. हळूहळू प्रवाळं आक्रसली. एकाचं टोक पांढरं पडलं.

म्हणून त्या दुपारी आईने टाकीचा खारटपणा मोजला, कपाळावर हात मारला आणि चिमटे ओतून मला उचललं.

“अरे, पाणी आटतं, मीठ थोडंच आटतं? ते आतच राहतं. वर तुझं आणखी मीठ!”

“म्हणजे मी मासे खारवत होतो की!” मामा ओशाळला. “पण माझ्या दोस्ताची टाकी पाणी न बदलता चालते. शप्पथ!”

“तो रोज मोजतो, कमी पडेल ते घालतो. टाकीही केवढी त्याची! आपण मोजलंही नाही आणि बदललंही नाही.”

मग ती लेकीपाशी खाली बसली. “बाबांनी हे पाणी एकदाच भरलं नव्हतं गं. दर रविवारी थोडं काढायचे, थोडं घालायचे. तसं केलं म्हणून तर हे सगळे जगले.”

लेकीने गुंडाळलेली नळी उचलली. मग म्हणाली, “नळी मी धरणार.”

सगळं एकदम बदललं असतं तर ते जीव हबकले असते. म्हणून रविवारमागून रविवार, थोडं थोडं. प्रवाळांनी बोटं पुन्हा उघडली. ते पांढरं टोक मात्र पांढरंच राहिलं.

मित्रांनो, खऱ्या समुद्राला नद्या आहेत, लाटा आहेत. काचेतल्या समुद्राला फक्त तुम्ही असता. घरी जीव आणलात तर तो कोमेजेपर्यंत थांबू नका. त्याला हाक मारता येत नाही.

काल नळीतून टाकीतलं पाणी माझ्यात पडत होतं. लेक वाकून आत पाहत राहिली. आई तिच्याकडे पाहत होती.

“आई,” तिने विचारलं, “यातलं बाबांचं कुठलं?”