हिरवा दिवा

शेवाळाला हिरवा उजेड दिसत नाही, हे जीवशास्त्राच्या बाईंना त्यांच्या गुरूंनी सांगितलं होतं, आणि गुरूंना त्यांच्या गुरूंनी. हिरव्याला हिरवं काय दिसणार? गोष्ट इतकी सरळ की तपासून बघायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

पेशीतली सगळी जनुकं एकदम बोलत नाहीत, म्हणजे कामाला लागत नाहीत. काही उजेडात तोंड उघडतात, काही अंधारात. बाईंनी उभी हयात घातली ती अंधारात बोलणाऱ्या एका जनुकावर. त्यासाठी शेवाळाचे चंबू बंद खोलीत ठेवायचे. पण काम करणाऱ्याला तर दिसायला हवं, म्हणून तिथे हिरवा दिवा. माणसाला उजेड, शेवाळाला अंधार, दोघांचीही सोय.

त्या जनुकाने बाईंना प्राध्यापकी दिली, पाठ्यपुस्तकात एक ओळ दिली, आणि मूलबाळ "या प्रयोगानंतर बघू" म्हणता म्हणता राहून गेलं. नवरा हिशेबतपासनीस, जन्मभर लोकांच्या चुका काढून पोट भरलेला. तो रोज संध्याकाळी विचारायचा, "काय शेवाळबाई, आपलं कार्टं बोललं का आज?" बोललं नाही तर म्हणायचा, "उद्या बोलेल. कुणावर गेलंय, हट्टी आहे."

निवृत्तीच्या वर्षी धाकटी आली. ही बाईंची शेवटची विद्यार्थिनी. आता तिची स्वतःची प्रयोगशाळा होती. खुर्ची दिली तरी बसेना.

"बाई, रागावू नका."

"रागवायचं की नाही ते मी ठरवेन. तू बोल."

"माझा हिरवा दिवा गेला. नवा येईपर्यंत दम निघेना, म्हणून चाचपडत काम उरकलं. जनुक गप्पच."

"सांडलं असशील काहीतरी. हात पहिल्यापासून धसमुसळा तुझा."

"मलाही तेच वाटलं. मग दिवा आणून लावला, तर बोललं. काढला, की परत गप्प."

बाई उठून बंद खोलीत गेल्या. त्यांनी प्रयोग स्वतःच्या हाताने केला, दिवा मालवून. हातांना खोली पाठ होती. एक थेंब सांडला नाही. सांडला असता तर बरं झालं असतं. यंत्राच्या आलेखात जिथे नेहमी डोंगर उभा राहायचा, तिथे सपाट माळ होता.

म्हणजे अंधारात ते कधी बोललंच नव्हतं. बाई दिवा घेऊन आत जायच्या, म्हणून त्याला कंठ फुटायचा.

"बाई, शेवाळाला हिरवं दिसतं, हाही शोधच आहे की," धाकटी हळूच म्हणाली.

"आहे ना. तुझा आहे."

"तुम्ही नको म्हणालात तर नाही छापणार."

"छाप. नाहीतर तुझे विद्यार्थीही माझ्यासारखेच म्हातारे होतील."

धाकटीने वाकून नमस्कार केला. बाईंनी आशीर्वाद दिला, पण काय दिला ते त्यांनाही ऐकू आलं नाही.

घरी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा वाट बघत होता. प्रश्न बाईंनीच काढलेला: अंधारात कोणतं जनुक व्यक्त होतं? पोरांनी घोकून घोकून बिनचूक लिहिलं होतं, कुणी तर खाली रेघही मारली होती. बाई मुकाट्याने पूर्ण गुण देत गेल्या.

नवरा समोर येऊन बसला. "काय शेवाळबाई, बोललं का कार्टं?"

"नाही."

"उद्या बोलेल."

बाईंनी पुढची उत्तरपत्रिका ओढली. या पोराला उत्तर येत नसावं. त्याने जागा कोरी सोडली होती. सगळ्या वर्गात खोटं न लिहिलेला तेवढा एकच. बाई त्या कोऱ्या जागेकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग पेन टेकवलं आणि नियमाप्रमाणे शून्य दिलं.