जिजाबाईंना दिसणारी माणसं

जिजाबाईंनी पाय जवळ ओढून घेतले, साधारण वीतभर. पायथ्याशी कोणी येऊन बसावं आणि त्याला जागा करून द्यावी, तसे. पायथ्याशी कोणी नव्हतं. चादरीला सुरकुतीसुद्धा पडली नाही.

जयवंता भोयर दोन दिवस हे पाहत होती. डॉक्टर होऊन तिला जेमतेम चार महिने झाले होते. १९८३ सालचा मार्च, दुपारचे तीन. बायकांच्या वॉर्डात ऊन खिडकीपर्यंत येऊन थांबलेलं.

जिजाबाई हिंगणीच्या पुढच्या, जंगलाला लागून असलेल्या गोंड वस्तीतल्या. सत्तरी ओलांडलेली. अंगणात पडून मनगट मोडलं म्हणून मुलाने, कवडूने, त्यांना वर्ध्याजवळच्या या दवाखान्यात आणलं होतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजवा तर इतका पिकलेला, की लवकर काढला नाही तर डोळा कायमचा जाईल, असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. पण म्हातारी तीन वर्षं ऑपरेशनला नाहीच म्हणत होती. का, ते कोणाला सांगत नव्हती.

पहिल्या दिवशी जयवंताने केसपेपर भरला, तेव्हा सगळी उत्तरं कवडूने दिली. झोप लागते, भूक आहे, बाकी म्हातारपण, दुसरं काय. तिने लिहिलं: ‘तक्रार नाही. वयोमान.’ वॉर्डाच्या प्रमुख डॉक्टर असलेल्या मॅडमनी तो कागद सगळ्यांसमोर वाचला आणि शांतपणे विचारलं, पेशंट कोण आहे, आई की मुलगा? म्हाताऱ्या माणसांना तपासायला शिकवताना मॅडमचे दोन नियम असत. नातेवाइकाला चहाला पाठवायचं. आणि प्रश्न विचारला की मनात वीसपर्यंत आकडे मोजायचे, तोवर तोंड उघडायचं नाही. म्हाताऱ्यांचं खरं उत्तर पंधराच्या पुढे येतं, असं त्या म्हणत.

जयवंताने कवडूला चहाला पाठवलं. स्टूल ओढून ती जिजाबाईंच्या डोळ्यांच्या पातळीला बसली.

“आजी, पायथ्याशी कोण आहे?”

अठरा आकडे झाले.

“तुले बी दिसते?”

जयवंता देवळीची, पण वॉर्डात ती कटाक्षाने पुस्तकी मराठी बोले. आता मात्र घरची बोली आपोआप तोंडात आली. “मले नाई दिसत. तुमी सांगा.”

मग जिजाबाई सांगत गेल्या. सातआठ जण आहेत. बुटके, बायाच जास्त. बोलत नाहीत, नुसते पाहतात. तीन वर्षांमागे ते बांधावर असायचे, मग अंगणात आले, आता खाटेवर बसतात. त्या दिवशी त्यांना वाट द्यायला म्हणूनच त्या बाजूला झाल्या आणि दगडावर पडल्या. सांगायचं कोणाला? कवडूने झाडफूक करणारा भुमका आणला असता. डॉक्टरांनी वेड्यांच्या दवाखान्यात धाडलं असतं.

“तुयं तोंड मले धुरावानी दिसते,” त्या म्हणाल्या. “पन त्याईच्या लुगड्याचे काठ मोजता येते. एक तुया मांगं उभी हाय.”

मागे पाहायचं नाही, असं जयवंताने ठरवलं. मग पाहिलं. भिंत होती.

ती विचार करू लागली. ज्या डोळ्याला दोन हातांवरचा चेहरा दिसत नाही, त्याला लुगड्याचा काठ कसा दिसेल? म्हणजे ही माणसं डोळ्यातून आत येत नव्हती. डोळ्याकडून काही येईनासं झालं की मेंदू आपल्याच पदरचं विणायला लागतो, शहाण्यासुरत्या माणसाचाही, असं मॅडमनी एकदा सांगितलं होतं.

“डोये मिटा बरं, आजी.”

जिजाबाईंनी मिटले. “गेले.”

“सारे?”

“सारे. तू बी गेली.” त्या हसल्या. डोळे उघडले आणि हसू मावळलं. “आपरेशन झाल्यावर बी दिसले तं? आता मी मनाले सांगतो, डोये खराब हायत. मंग काय सांगू?”

तीन वर्षांचा नकार तो एवढाच होता. ‘जातील’ हा शब्द जयवंताच्या ओठांवर आला होता. तिने तो थोपवला आणि या वेळी स्वतःसाठी वीस मोजले.

“मले माहीत नाई,” ती म्हणाली. “बहुतेकांचे जातात. नाई गेले तं मले येऊन सांगजा. मी आयकीन. तुमाले येडी नाई म्हननार.”

जिजाबाईंची नजर हळूहळू पलंगाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला गेली, मोजत असल्यासारखी, मग पलंगावरून खाली उतरली आणि जयवंताच्या गुडघ्यापाशी थांबली. नकळत जयवंताने स्टूल जरा बाजूला घेतलं.

तेवढ्यात कवडू चहाचे ग्लास घेऊन आला. दोघींना पाहून म्हणाला, “माय, एवढ्या काय गोठी चालू हायत? माया तक्रारी करून राह्यली का?”

जिजाबाईंनी आवाजाच्या दिशेला तोंड वळवलं.

“कवडू, मोठ्या डाक्टरले सांग,” त्या म्हणाल्या. “मी डोयाचं आपरेशन करून घेतो.”