पाचवी पाटी

धाकट्या भावाच्या दुकानावर चौथी पाटी चढली आणि थोरल्याच्या पोटात दुखायला लागलं. दोघेही बापाच्या हाताखाली पुस्तकबांधणी शिकलेले, आता रस्त्याच्या दोन बाजूंना समोरासमोर बसलेले. थोरला आजही नुसती पुस्तकंच बांधायचा. धाकट्याने बांधणीच्या जोडीला वह्या काढल्या, मग फोटोंचे अल्बम, आता घड्याळांची खोकी. दुकानात ही गर्दी! ज्याला पुस्तकाची पाठ धड सरळ बसवता येत नाही त्याच्याकडे चार माणसं कामाला, हे थोरला रोज जेवताना बायकोला ऐकवायचा, आणि मग जेवण तसंच राहायचं.

शेवटी त्याने ठरवलं, आपल्या पाट्या पाच. बांधणी होतीच, झेरॉक्स, छत्र्या, कुंड्या आणि आइस्क्रीम अशी भर पडली. बायको म्हणाली, "अहो, भाऊजी पुठ्ठा, कापड आणि खळ सोडून कुठे गेलेत? तुम्ही कुठे निघालात?" तुला दिराचाच पुळका, असं म्हणून त्याने तिला गप्प केलं. मग रस्ता ओलांडून त्याने स्वतःच्या पाट्या दोनदा मोजल्या. जिवाला जरा गार वाटलं.

एक गोष्ट मात्र धाकट्याला कधीच मिळाली नव्हती. वाचनालयाची जुनी पुस्तकं दरवर्षी थोरल्याकडेच यायची. सगळं गेलं तरी चालेल, पण हे काम समोर जाऊ नये, एवढंच त्याला हवं होतं.

यंदाची चाळीस पुस्तकं खळ लावून दाबाखाली ठेवलेली असतानाच आइस्क्रीमचा फ्रीज आला. दाब दोन दिवस हलवायचा नाही, हा बापाचा नियम. पण फ्रीजला जागा तेवढीच होती. एका दिवसाने काय बिघडतंय, असं म्हणून त्याने पुस्तकं काढली. तिसऱ्या दिवशी सगळे पुठ्ठे वाकडे झाले होते. ग्रंथपालबाईंनी एक पुस्तक हातात घेतलं, सगळा गठ्ठा उचलवला आणि रस्ता ओलांडला. थोरला फ्रीजमागे बसून नुसता जळत राहिला.

दुपारी धाकटा तोच गठ्ठा घेऊन आला.

"हसायला आलास?" थोरल्याने विचारलं.

हे काम माझ्या हातून व्हायचं नाही, दादाच करू जाणे, असं बाईंना सांगून आलोय, असं धाकटा म्हणाला. वरचं पुस्तक उघडून त्याने पुठ्ठ्यावरून अंगठा फिरवला.

"बाबा पुस्तक नेहमी तुझ्या हातात द्यायचे. मला पुठ्ठे कापायला बसवायचे. म्हणून मी पुठ्ठ्याचंच काय काय करत गेलो. मला तुझ्या हाताचा फार हेवा वाटत आलाय, दादा."

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर थोरल्याला सोसला असता.

"आज मात्र पहिल्यांदाच तो वाटला नाही," धाकटा म्हणाला, आणि पुस्तक खाली ठेवून निघून गेला.